दुसऱ्या गाडीचे वेंकोबाराव

वेंकोबारावांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्यावर नाराज होते, आणि मला ते कळलंही नव्हतं. २००६ सालची गोष्ट. चेन्नईच्या टी. नगरमध्ये एका ट्रस्टचं डोळ्यांचं छोटं रुग्णालय होतं. त्यांच्या दोन गाड्या आसपासच्या गावांत जाऊन मधुमेही लोकांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत. फोटो तिथूनच इंटरनेटवरून चेन्नईला पाठवले जात. संध्याकाळी डॉक्टर ते बघत आणि कोणाला उपचारांची गरज आहे ते कळवत. फोटो पाठवायचा प्रोग्राम मी लिहिला होता. शोळिंगनल्लूरच्या एका लहानशा कंपनीत नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती, आणि सर्वस्वी माझं म्हणावं असं ते पहिलंच काम होतं.

वेंकोबाराव दुसऱ्या गाडीवर कॅमेरा चालवत. बावन्न-त्रेपन्नचं वय, बारीक अंगकाठी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या गाडीत प्रोग्राम कसा वापरायचा ते मी दाखवत होते. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, की चेन्नईला फोटो पोचला की गाडीतल्या लॅपटॉपवरचा फोटो प्रोग्राम आपोआप पुसून टाकतो, ते का. मी म्हटलं, जागा कमी आहे. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. पुढे ओळख झाल्यावर एकदा म्हणाले, "ज्याने निगेटिव्ह फेकली त्याला आमच्या स्टुडिओत दुसऱ्या दिवशी काम नसे."

कारण वेंकोबाराव मुळात फोटोग्राफर. तंजावरच्या मराठी घराण्यातले. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ शिकायची आणि लिहायचं सगळं तमिळ लिपीत, असं त्यांचं बालपण गेलं. विसाव्या वर्षी ते चेन्नईला आले आणि टी. नगरमधल्या एका स्टुडिओत चिकटले. पासपोर्टचे फोटो, लग्नातल्या नवऱ्या, पहिल्या वाढदिवसाची बाळं. तीस वर्षं हेच. निगेटिव्हवर बारीक ब्रशने डाग भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग डिजिटल कॅमेरे आले आणि २००३ साली मालकाने स्टुडिओ एका साडीवाल्याला देऊन टाकला. त्यानंतरचे सात महिने ते घरीच होते. ते दिवस कसे गेले हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांची बायको अलमेलूबाई यांनी सांगितलं: रोज सकाळी नवाला ते कपडे करून तयार होत आणि तसेच खुर्चीवर बसून राहत.

रुग्णालयाला कॅमेरा धरता येणारा माणूस हवा होता. तिथल्या डॉ. शेषाद्रींचा लग्नातला फोटो वेंकोबारावांनीच काढला होता. डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, चेहरे पुष्कळ काढलेत, आता डोळ्याच्या आतलं काढा. दोन महिन्यांत ते शिकले. बुबुळातून प्रकाश आत सोडायचा, समोरच्याने पापणी मिटायच्या आत बटण दाबायचं. नारिंगी रंगाचं एक वर्तुळ उमटतं, त्यात एक लहान पिवळं वर्तुळ आणि त्यातून फुटणाऱ्या, झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. प्रत्येकाच्या फांद्या निराळ्या. हे बघून आपल्याला किती आनंद झाला, ते सांगताना त्यांचा आवाज नेहमी जरा वर चढे.

त्यांच्याजवळ एक वही असे. प्रत्येक पेशंटसाठी दोन लहान वर्तुळं काढायची, उजवा डोळा आणि डावा डोळा, आणि स्क्रीनवर काही वेगळं दिसलं तर त्या जागी टिंब. शेजारी एक-दोन शब्द. भाषा मराठी, लिपी तमिळ. रोगाचं निदान करणं त्यांचं काम नव्हतं आणि ते करतही नसत. फोटो नीट आलाय की नाही हे स्वतःला कळावं, एवढ्यासाठीच ती वही.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी दुसरी गाडी उत्तिरमेरूरजवळच्या एका गावात गेली होती. चौदाव्या नंबरला कनका नावाची बाई आली. शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाचा भात करायची. बरेच दिवस तांदळातले खडे तिच्या नजरेतून सुटत होते, आणि हेडमास्तर बोलले म्हणून ती आली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू नुकताच धरायला लागला होता, त्यामुळे फोटो धुरकट येत होता. वेंकोबारावांनी तीनदा काढला. तिसऱ्या वेळी डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले. त्यांनी वहीत टिंबं केली, फोटो पाठवला, आणि पंधरावा माणूस बोलावला.

शुक्रवारी त्या गावाचे रिपोर्ट आले. कनका: दोन्ही डोळे निर्दोष, एक वर्षाने तपासणी.

वेंकोबाराव रुग्णालयाच्या ऑफिसात गेले आणि तो फोटो दाखवा म्हणाले. कारकुनाने कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. स्वच्छ, लख्ख फोटो. धूर नाही, ठिपके नाहीत. वेंकोबारावांनी तो एकदाच बघितला आणि सांगितलं, हा मी काढलेला फोटो नाही. कारकून म्हणाला, फाईल तुमच्या गाडीची, नंबर तुमच्या पेशंटचा, तारीख त्याच दिवसाची. कॉम्प्युटर चुकत नाही, तुमच्या आठवणीत गोंधळ झाला असेल; एका दिवसात चाळीस माणसं बघता तुम्ही.

त्यावर त्यांनी वाद घातला नाही. शनिवारी सुट्टी होती. ते तांबरमहून बस धरून उत्तिरमेरूरला गेले आणि तिथून पुढे त्या गावाला चालत. कनका घरी नव्हती, बहिणीकडे गेली होती. ते पाच तास तिच्या ओट्यावर थांबले. ती आल्यावर तिला काय सांगायचं हाच मोठा प्रश्न होता. डोळा बिघडलाय असं सांगायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि डॉक्टरांनी तर निर्दोष म्हणून कळवलं होतं. शेवटी त्यांनी सांगितलं, की आई, तुमचा फोटो आमच्या हातून हरवला, दुसरा काढायचाय, त्यासाठी सोमवारी चेन्नईला यावं लागेल. म्हणजे हरवल्याचा दोष त्यांनी आपल्यावर घेतला. खरं तर तो माझा होता.

सोमवारी डॉ. शेषाद्रींनी कनकाचा डोळा तपासला. डाव्या पडद्यात रक्तस्राव होता. अजून दोन-तीन महिने गेले असते तर त्या डोळ्याची आशा उरली नसती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात लेसरचे उपचार सुरू झाले.

मंगळवारी दुपारी वेंकोबाराव आमच्या ऑफिसात आले. शोळिंगनल्लूरच्या त्या काचेच्या इमारतीच्या खाली, पहारेकऱ्याच्या टेबलाजवळ, वही छातीशी धरून उभे होते. मला वाटलं, तक्रार घेऊन आले असतील. आता साहेबांना भेटतील आणि माझी नोकरी जाईल. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. कॉफी आली. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, अगदी सावकाश, कोणावर ठपका न ठेवता. मग वही उघडून म्हणाले, "रुचाम्मा, तो फोटो सुब्बाचा. पहिल्या गाडीवरचा सुब्बा. तो उजेड जास्त ठेवतो, आणि ते पिवळं वर्तुळ बरोबर मधोमध धरतो. मी किंचित बाजूला धरतों. आपला हात आपल्याला कळतो की."

पहिली गाडी त्या दिवशी तिरुत्तणीच्या बाजूला होती, म्हणजे दुसऱ्या गाडीपासून शंभरएक किलोमीटर दूर. तिचा फोटो इकडच्या फाईलमध्ये येणं शक्यच नाही, असं मी म्हणणार होते. पण तोंड उघडण्याआधी मला आठवलं, की त्याच दिवशी पहिल्या गाडीवरच्या अकरा जणांचे फोटो आलेच नव्हते. रेंज नसेल असं समजून आम्ही ते सोडून दिले होते. मी त्यांना वर माझ्या टेबलाशी घेऊन गेले आणि शेजारी खुर्ची दिली. दोघांनी मिळून त्या दिवसाची सगळी नोंद ओळ न ओळ वाचली. मी वेळ सांगायची, ते वहीतून नंबर सांगायचे.

काय झालं होतं, ते तासाभरात समोर आलं. मोबाईल कंपनीने आमच्या गाड्यांसाठी आठ पत्ते राखून ठेवले होते. पत्ते म्हणजे इंटरनेटवरचे आकड्यांचे पत्ते. गाडीतलं डेटा कार्ड जोडलं गेलं, की त्या आठांतला एक तिला मिळे. जोडणी तुटून पुन्हा लागली, की दुसरा. सकाळी गाडीने आपलं नाव सांगितलं, की माझा प्रोग्राम लिहून ठेवी: पाचवा पत्ता म्हणजे दुसरी गाडी. पुन्हा पुन्हा नाव विचारण्यात वेळ जातो, म्हणून मी ठरवलं होतं की पत्ता ओळखीचा असेल तर त्या दिवशी परत विचारायचं नाही. त्या बुधवारी दुपारी दुसऱ्या गाडीची जोडणी तुटली आणि तिला सातवा पत्ता मिळाला. मोकळा झालेला पाचवा पत्ता थोड्या वेळाने पहिल्या गाडीला गेला. पत्ता ओळखीचा, म्हणून प्रोग्रामने काही विचारलं नाही. सुब्बाने पाठवलेले चौदा ते चोवीस नंबरचे फोटो सरळ वेंकोबारावांच्या चौदा ते चोवीस नंबरच्या माणसांवर जाऊन बसले, आणि आधीचे पुसले गेले. गाडीतलेही पुसले गेलेले होतेच.

मी हे त्यांना कसंबसं समजावलं. त्यांनी वहीतल्या त्या अकरा नंबरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं यंत्र मला वळखत नाही. मी बसलों ती जागा वळखतं."

मी हो म्हटलं.

"मी उठलों, तिथे सुब्बा बसला, तर तो वेंकोबा म्हणून लिहितं. सरी. मग मी कोण हे जागेला सोडून वेगळं लिहितां येईल का, बघा."

सरी म्हणजे ठीक आहे. हा तमिळ शब्द त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी येई. त्यांनी एवढंच विचारलं आणि वही मिटली. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकले. कॉलेजात मी शिकले होते, की इंटरनेटवरचा पत्ता एकाच वेळी दोन कामं करतो. यंत्र कुठे आहे तेही तोच सांगतो आणि यंत्र कोणतं आहे तेही तोच. यंत्रं टेबलावर बसून असत, तोवर ते चालून गेलं. आमचं यंत्र तर रोज चाकांवर फिरत होतं. दोन्ही कामं वेगळी करावीत असं म्हणणारे संशोधक जगात आहेत, हेही मी कुठेतरी वाचलं होतं, आणि परीक्षेपुरतं वाचून विसरले होते.

पण आधी त्या अकरा माणसांचं काय करायचं, हा प्रश्न होता. कोणते अकरा हे वहीमुळे बिनचूक कळत होतं. मी साहेबांना सगळं सांगितलं आणि रुग्णालयाच्या ट्रस्टला पत्र लिहिलं, की चूक माझ्या प्रोग्रामची आहे, गाडीवरच्या कोणाची नाही. ते द्यायला गेले तेव्हा वेंकोबाराव बरोबर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. विश्वस्तांच्या खोलीत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले आणि शेवटी एकच वाक्य बोलले, की या मुलीने चूक आपणहून लिहून दिली आहे, दुरुस्त करायलाही तिच्यासारखं दुसरं कोणी मिळणार नाही. विश्वस्तांनी तीन महिन्यांची मुदत दिली. दोन्ही गाड्या त्या गावांना पुन्हा गेल्या. उत्तिरमेरूरकडच्या अकराही जणांचे फोटो नव्याने काढले. त्यांत कनकासारखाच रक्तस्राव झालेला एक म्हातारा निघाला. त्याच्यावरही वेळेत उपचार झाले.

मग आमचं काम सुरू झालं. आमचं असं म्हणते, कारण वेंकोबाराव दर शनिवारी वेलचेरीला, मी राहत होते तिथे, शेअर ऑटोने येत. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला गेल्या वर्षीच्या पुरानंतर कोणी भाडेकरू मिळाला नव्हता. मालकाने ती खोली आम्हाला वापरायला दिली. भिंतीवर गुडघ्याच्या वर पाण्याची रेघ होती. तिथे दोन लॅपटॉप मांडून आम्ही बसायचो.

प्रत्येक गाडीच्या लॅपटॉपला मी त्याची स्वतःची गुप्त किल्ली दिली. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, त्या यंत्राबाहेर कधीही न जाणारा. चेन्नईच्या यंत्राजवळ तिची जोडीदार किल्ली. गाडीने काहीही पाठवलं की त्यावर आपल्या किल्लीची सही करायची, आणि इकडच्या जोडीदार किल्लीने ती सही पटली तरच फोटो आत घ्यायचा. पत्त्याला आता काहीही विचारायचं नाही. टपाल कुठे न्यायचं तेवढंच त्याने सांगायचं. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. पूर्वी वाटेत पत्ता बदलला, की अर्धा गेलेला फोटो वाया जाई आणि पेशंट ताटकळत बसे. आता पत्ता बदलला तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना किल्लीने ओळखत आणि राहिलेला अर्धा पुढे जाई. गाडीतला फोटो मात्र रिपोर्ट हातात आल्याशिवाय पुसायचा नाही, हा नियम वेंकोबारावांचा.

नव्या प्रोग्रामची परीक्षा कशी घ्यायची हेही त्यांनीच ठरवलं. मी चाचण्यांची नव्वद पानांची यादी केली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि सुब्बाला बोलावून घेतलं. सुब्बा पंचविशीचा, मोकळ्या मनाचा तरुण. झाल्या प्रकाराने त्यालाही वाईट वाटत होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी दोन्ही गाड्या जुन्या महाबलीपुरम रस्त्याने तिरुपोरूरच्या दिशेने निघाल्या. पहिल्या गाडीत सुब्बा, दुसऱ्यात आम्ही. दोघांनीही फोटो पाठवायला सुरुवात केली, आणि फोटो अर्धे गेले असतानाच रस्त्याच्या कडेला थांबून वेंकोबारावांनी दोन्ही डेटा कार्डं उपसली. सुब्बाचं आपल्या लॅपटॉपला लावलं आणि आपलं सुब्बाच्या. म्हणजे पत्ता, कार्ड, सगळंच उलटंपालटं. मी फोनवर रुग्णालयातल्या कारकुनाशी बोलत होते. तो एकेक नंबर वाचत गेला. सुब्बाचे सुब्बाकडे, वेंकोबारावांचे वेंकोबारावांकडे. एकही इकडचा तिकडे नाही. मधेच थांबलेले दोन्ही फोटो थांबल्या जागेपासून पुरे झाले होते.

मला रडू येत होतं. वेंकोबारावांनी सुब्बाच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "आता तू उजेड हवा तितका ठेव." मग आम्ही तिघांनी समोरच्या हॉटेलात पोंगल खाल्लं.

पोंगलच्या सणाच्या सुमारास कनका पुढच्या तपासणीला आली. डावा डोळा पूर्ववत झाला नाही, पण आहे तितका टिकला. उजवा चांगला होता, आणि त्याचा मोतीबिंदू पुढे काढायचा होता. शाळेतलं काम सुटलं नव्हतं. मी मुद्दाम तिला भेटायला गेले. तिला तमिळच येत होती आणि माझी तमिळ तेव्हा ऑटोवाल्यापुरती. फोटो हरवणारी मी, हे वेंकोबारावांनी तिला सांगावं असं मी म्हटलं. त्यांनी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि खूप काही बोलली. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. वेंकोबाराव म्हणाले, "तुम्ही बारीक झालां, जेवत नाही काय म्हणून विचारतात."

पुढची तीन वर्षं मी ते काम सांभाळलं. दोनाच्या पाच गाड्या झाल्या. नव्या गाडीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला वेंकोबाराव पंधरा दिवस शिकवत. यंत्र चालवायला अर्धा दिवस पुरे, असं त्यांचं मत. बाकीचे दिवस समोर बसलेल्या माणसाशी बोलायला शिकण्यात जात, म्हणजे तो पापणी मिटणार नाही. वर्तुळांची वही त्यांनी सगळ्यांना लावली. मी ती वाचता यावी म्हणून तमिळ अक्षरं शिकले. त्या लिपीत क आणि ग एकच असल्यामुळे सुरुवातीला मी 'डाग' हा शब्द 'डाक' असा वाचला होता, आणि त्यावर ते पोट धरून हसले होते.

त्यांच्या पश्चिम मांबलमच्या घरी मी अनेकदा जेवले. अलमेलूबाई उडदाच्या पिठाचं डांगर करत, आणि आम्ही मिरजेला करतो त्यापेक्षा ते पातळ का, यावर आमची दर वेळी चर्चा होई. अशाच एका रविवारी, कुठल्याशा बोलण्यातून, मी त्यांना म्हणाले की त्या वेळी तुम्ही त्या गावाला गेला नसतात, तर मी आज कोणत्या तोंडाने हे काम करत असते कोणास ठाऊक. तुमचे उपकार कसे फेडू. त्यांना ते आवडलं नाही.

मग म्हणाले, "स्टुडिओ बंद झाला, तेव्हा माझे डोळे आतां कोणाला नकोत म्हणून मी बसलों होतों. तो फोटो माझा नव्हे म्हटल्यावर तुम्ही मला खुर्ची देऊन बसवलंत, आणि वही वाचून दाखवा म्हटलांत. हे लहान नाही अम्मा."

अलमेलूबाई आतून भात घेऊन आल्या आणि आम्ही दोघंही जेवायला लागलो.

२००९ च्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला पाचही गाड्या रुग्णालयाच्या आवारात उभ्या होत्या. डॉ. शेषाद्री बोलले, सुब्बा बोलला. मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी कनकाची हकीकत जशी घडली तशी सांगितली, माझ्या चुकीसकट, आधी तमिळमध्ये आणि मग वेंकोबारावांसाठी मराठीत. त्यांना तमिळ माझ्यापेक्षा शंभरपट चांगली येते. पण त्यांच्याबद्दलचं चांगलं कोणीतरी त्यांच्या घरच्या भाषेत, चारचौघांत बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते पहिल्या रांगेत अलमेलूबाईंच्या शेजारी बसले होते. मी बोलत असताना त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि शेवटपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.